लग्नपत्रिकेवरची गोम

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या शनिवारी आमच्या घरमालकांच्या पत्नी, म्हणजे काकू, अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नचं घर सोडून जर्सी सिटीला मुलाकडे गेल्या. त्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये एक गोम निघाली होती. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे, असं काका म्हणतात. काकूंनी तो एकदा आडून मान्य केला आणि एकदा नाकारला. मुलाचं म्हणणं तिसरंच आहे. मी आणि माझा नवरा त्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहतो. त्यामुळे पुढचं बरंचसं आम्ही स्वतः पाहिलेलं आहे आणि उरलेलं जिन्यावरून ऐकू आलेलं आहे.

घरात किडा दिसल्यावर ‘हा कोण?’ असं विचारणारा माणूस उत्तर व्हर्जिनियात एकच आहे, आणि तो आमचा घरमालक आहे. बाकीचे सगळे ‘हा कशानं मरतो?’ असं विचारतात. काका मूळचे अमरावतीचे. निवृत्त होईपर्यंत ते इथल्या एका डेटा सेंटरमध्ये गार हवेची व्यवस्था बघत होते. त्या इमारतींना खिडक्या नसतात. आत यंत्रांच्या रांगा, थंड वारा आणि एकसारखी घरघर. “तिथं माशीलासुद्धा बॅज लागतो,” असं ते सांगतात. “इतकी वर्षं नोकरी केली, पण एक मुंगी नाही बघितली.” निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, क्रूझवर जातात, गीतेचा क्लास लावतात. काकांनी गुडघे टेकले आणि सोफ्याखाली बघायला सुरुवात केली. तेव्हापासून ते फारसे उठलेले नाहीत.

बेसमेंट बघायला आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा इतर घरमालकांसारखं त्यांनी क्रेडिट स्कोअर वगैरे विचारला नाही. “तुम्ही किंचाळता का?” एवढं विचारलं. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणाले. “छान. आधीचे फार किंचाळायचे. घरातल्यांना त्रास होतो त्याचा.” घरातले म्हणजे काकू, असा आमचा समज झाला. ते कोण, हे सामान लावताना कळलं. खोक्यामागून तपकिरी रंगाचा, पाठीत कुबड असलेला, कोळी आणि रातकिडा यांचं लग्न लावून दिल्यासारखा एक प्राणी निघाला आणि त्यानं थेट नवऱ्याच्या छातीवर उडी घेतली. नवरा किंचाळला. काका सपाता घालून खाली आले आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाले, “काही करत नाही तो. त्याला धड दिसत नाही. घाबरला, की जिकडे तोंड असेल तिकडे उडी मारतो. तुझ्याकडे तोंड होतं, एवढंच.” पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा झालं, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही. “काका, त्याचं तोंड माझ्याकडेच कसं असतं?” असं नवऱ्यानं विचारलं. यावर काकांनी विचार केला आणि सांगितलं, “तू उभा राहायची जागा बदलून बघ.” नवऱ्यानं टेबल दुसऱ्या भिंतीकडे हलवलं. फरक पडला की नाही, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

किडा पकडायची काकांची पद्धत ठरलेली आहे. श्रीखंडाचा रिकामा, पारदर्शक डबा किड्यावर उपडा घालायचा. मग एक जाड, गुळगुळीत कार्ड डबा आणि फरशी यांच्यामधून हळूहळू सरकवायचं, डबा कार्डासकट उचलायचा, खिडकीशी नेऊन किड्याची ओळख पटवायची आणि त्याला गॅरेजमध्ये सोडायचं. या कामाला लग्नपत्रिकेइतकं चांगलं कार्ड जगात मिळत नाही, असा त्यांचा अनुभव आहे. साधा कागद वाकतो, पुठ्ठा जाड पडतो, पत्रिका मात्र बरोबर सरकते. म्हणून त्यांच्या हॉलमधल्या एका खणात तीस वर्षांच्या लग्नपत्रिका ठेवलेल्या आहेत. गणपती छापलेली बाजू फरशीला लागू द्यायची नाही आणि तिच्यावर किडा घ्यायचा नाही, पत्रिका उघडून ते पान हातात धरायचं आणि दुसरं पान सरकवायचं, एवढं पथ्य ते पाळतात. नागपूरच्या एका भाच्याची पत्रिका त्यांना विशेष आवडते. तिच्यावर मेणासारखा लेप आहे. “संसार काही टिकला नाही बिचाऱ्याचा,” ते म्हणतात, “पण पत्रिका काय उत्तम काढली होती.”

घराचा नियम असा, की किडा दिसला तर पळायचं नाही, मारायचं नाही, आधी फोटो काढायचा. हा नियम काकांनी पुढे मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपलाही लावला. त्या ग्रुपवर पूर्वी वाढदिवस, कांदेपोहे आणि कार विकणे एवढंच असायचं. आता रोज सकाळी कुणाच्या ना कुणाच्या टबमधला किंवा पांघरुणावरचा एक फोटो येतो, आणि खाली लिहिलेलं असतं, ‘काका, अर्जंट.’ काका व्हॉइस मेसेज पाठवतात. आधी तो कोण ते सांगतात, मग मूळचा कुठला, मग इथं कसा आला, मग खातो काय, आणि शेवटी, ज्यासाठी लोक श्वास रोखून बसलेले असतात ते वाक्य येतं : काही करत नाही तो. एकदा एका कुटुंबानं चादरीवर ठिपक्यासारखा किडा बघून ढेकूण समजून गाद्या बाहेर काढल्या, हॉटेल बुक केलं, आणि मग काकांना फोटो पाठवला. तो गालिच्यातला निरुपद्रवी भुंगा निघाला. “आता हॉटेल कॅन्सल होत नाही हो काका,” त्या घरातली बाई म्हणाली. “मग जाऊन या,” काका म्हणाले. “त्यालाही जरा निवांतपणा.” ते लोक खरोखर गेले. परत आल्यावर त्यांनी तो भुंगा कसा आहे, अशी चौकशी केल्याचं मी ग्रुपवर वाचलेलं आहे.

काकूंना किड्यांची भीती वाटते असं म्हणता येणार नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी कोळी अंगण झाडावं तसे झाडलेले आहेत. त्यांची तक्रार भीतीची नव्हती. ती काय होती, हे नक्की सांगणं अवघड आहे. थंडीच्या तोंडावर इथल्या घरांत ढालीच्या आकाराचे, करडे, सुस्त किडे शिरतात आणि पडद्यांवर बसून राहतात. त्यांना धक्का लागला तर वास सोडतात. तो वास बऱ्याच जणांना घाण वाटतो, पण काकूंना तो चिरलेल्या कोथिंबिरीसारखा येतो. याचा परिणाम असा झाला, की ऑक्टोबर ते मार्च त्या घरात कोथिंबीर येत नाही. पोहे कोरडे, आमटी बोडकी, मटारची उसळ नुसतीच हिरवी. “अहो, हे किती दिवस राहणार?” असं त्यांनी काकांना एकदा विचारलेलं मी जिन्यावरून ऐकलं. “थंडीपुरते व्हिजिटर आहेत,” काका म्हणाले. “पुढं आपणहून जातात. एक्स्टेन्शन मागत नाहीत.” काकू म्हणाल्या, “मी माझ्या पोह्यांबद्दल विचारतेय.” यावर काका काय म्हणाले, ते ऐकू आलं नाही.

आता गोम. इथल्या घरांत निघणारी गोम आपल्याकडच्या गोमेसारखी दणकट नसते. तिचे पाय लांब आणि केसासारखे बारीक असतात, आणि ती इतकी वेगानं जाते की गळून पडलेली पापणी धावत सुटल्यासारखी वाटते. काकांच्या मते मात्र घरातली सर्वांत कष्टाळू व्यक्ती तीच. ती कपड्यांना लागणारी कसर खाते, झुरळांची पिल्लं खाते, आणि पगार मागत नाही. वरच्या बाथरूममधल्या गोमेचे डाव्या बाजूचे मागचे दोन पाय तुटलेले होते, त्यावरून काका तिला ओळखत. गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. काका ते वाक्य दोन पायांसाठी वापरत. काकूही तिला ओळखत. “तुमची आली बघा,” एवढंच म्हणायच्या आणि तोंड धुवायच्या.

त्या शनिवारी काकूंनी तेवढंही म्हटलं नाही. आम्हाला ऐकू आलं ते असं : काकांचं धावणं, खण उघडल्याचा आवाज, मग काकू : “ही कुठली घेतलीत?” मग काका : “कुठली म्हणजे?” दुपारी मुलाची गाडी दारात उभी होती. काकूंनी एक बॅग घेतली, आम्हाला डब्यातून चकल्या दिल्या, आणि “येते गं” म्हणून गेल्या. कधी येणार, ते म्हणाल्या नाहीत.

काका म्हणाले, “गोमेमुळे गेली. टाइलवर समोरासमोर आल्या दोघी. गडबडीत गोमही डब्याखालून निसटली.” मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, “त्या गोमेनं काय घोडं मारलंय माझं? पत्रिका बघ कुठली घेतली ती. दिनूच्या लग्नाची. खणात शंभर पत्रिका आहेत जगाच्या.” दिनू म्हणजे त्यांचा मुलगा. पुढच्या फोनला मी पत्रिकेचा विषय काढला, तर म्हणाल्या, “छे गं, पत्रिकेचं काय एवढं. नातवाला सर्दी असते सारखी, डे-केअरवाले घेत नाहीत.” दिनूनं सांगितलं, की नातवाला सर्दी नाही, डे-केअर सुरू आहे, आणि आई इथं खिडकीशी बसून असते. “आमच्या इथं एवढ्या उंचावर चिलटसुद्धा येत नाही,” तो म्हणाला. “तिला बोअर होत असेल, पण विचारलं की आय अ‍ॅम फाइन म्हणते. इंग्लिशमध्ये म्हणते, म्हणजे नाहीये.” मी हे सगळं काकांना सांगितलं. ते ऐकून घेताना त्यांचा चेहरा एखादा अनोळखी किडा डब्यात आल्यावर होतो तसा झाला. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “मग यातलं कोणतं?”

काकू दिवाळीला येतील असं काका म्हणत होते. दिवाळी आली, काकू आल्या नाहीत. पाडव्याला त्यांनी व्हिडिओ कॉलवर ओवाळलं, असं काका म्हणाले. दिनूच्या म्हणण्यानुसार फोन बहुतेक वेळ नातवाच्या हातात होता आणि ओवाळलं ते छताला. त्यानंतर काकांनी एक नवीन सवय लावून घेतली. डबा घेऊन ते जिन्याच्या मधल्या पायरीवर येत आणि विचारत, “येऊ का खाली? दाखवायचं होतं.” पूर्वी हे दाखवणं कोणासाठी असे, ते आम्ही विचारलं नाही. नवरा, जो किंचाळायचा, तो आता चष्मा लावून डब्यात बघत असे आणि म्हणत असे, “अरे वा.” काकांचं त्यानं समाधान होत नसे. “हिला कळायचं,” ते एकदा म्हणाले. “ती ‘शी’ म्हणायची, पण नीट बघून म्हणायची.” त्यांचं जेवण खिचडीवर आलं होतं. वरच्या बाथरूममधली गोमही त्या शनिवारपासून दिसलेली नाही, असं त्यांनी दोन-तीनदा सांगितलं. त्यांनी हीटर कमी करून बघितला, टबच्या कडेला ओला रुमाल ठेवून बघितला. गोम आली नाही.

डिसेंबरमधल्या एका शनिवारी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर एक फोटो आला. पाठवणाऱ्या काकू होत्या. त्या ग्रुपवर त्यांनी आजवर संक्रांतीच्या शुभेच्छांपलीकडे काही पाठवलेलं नव्हतं. फोटोत टाइलवर बसलेली गोम होती आणि खाली लिहिलं होतं, ‘हे काय आहे?’ लगेच पंधरा-वीस जणांनी उत्तरं द्यायला सुरुवात केली. कुणी पळा म्हणालं, कुणी व्हॅक्युम लावा म्हणालं, आणि एकानं काकूंना धीर देण्यासाठी लिहिलं, की काका सांगतीलच. काकांनी ग्रुपवर काहीच सांगितलं नाही. ते फोन घेऊन खाली आले. न विचारता आले.

“ही आमचीच आहे,” ते म्हणाले. “डाव्या बाजूचे मागचे दोन बघ. नाहीत.”

मी बघितलं. नव्हते.

“म्हणजे बॅगेतून गेली. म्हणूनच इथं दिसत नव्हती. मी रुमाल कशाला ओले करत बसलो होतो?”

“पण काका,” मी म्हणाले, “काकूंना गोम ओळखता येत नाही, असं होईल का?”

“नाही होणार. तेच मला कळत नाहीये. इतकी वर्षं रोज बघितलीय तिनं.”

नवऱ्यानं फोटो दोन बोटांनी मोठा केला. गोमेच्या मागे हिरवट टाइल होती. कोपऱ्यात एका चपलेचं टोक दिसत होतं, अंगठ्याचा पट्टा तांब्याच्या तारेनं शिवलेला. तशी चप्पल अमेरिकेत दुसरी असण्याची शक्यता कमी होती. काका त्या वेळी तीच घालून आमच्यासमोर उभे होते.

“काका, ही चप्पल,” नवरा म्हणाला. “हा फोटो इथलाच आहे. त्या दिवशीचा असेल. काकूंनी आज पाठवला.”

काकांनी फोन त्याच्या हातातून घेतला, फोटो होता तेवढा लहान केला आणि खिशात ठेवला. “चप्पल मी नाही बघितली,” ते म्हणाले. “मी किडा बघतो.”

मग ते म्हणाले, “तिथली हवा फार कोरडी असते बाप्पा. तेवढ्या उंचावर खायलाही काही नाही. नाही जगणार गोम. आणायला पाहिजे.” आणि ते वर गेले.

त्यानंतरच्या तासाभरात आम्ही जे पाहिलं ते असं. काकांनी फ्रीजमधून श्रीखंडाचा नवा डबा काढला, त्यातलं श्रीखंड आमच्या पातेल्यात रिकामं केलं, डबा गरम पाण्यानं दोनदा धुतला, आणि गॅसवर तापवलेल्या दाभणानं झाकणाला भोकं पाडली. हॉलमधला पत्रिकांचा खण त्यांनी उघडला, आत बघितलं आणि बंद केला. मग सिरियलच्या एका रिकाम्या खोक्याची बाजू कात्रीनं कापली, तिच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, आणि तो पुठ्ठा डब्याबरोबर पिशवीत ठेवला. दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. “गोम आणायला?” नवरा मला हळूच म्हणाला. मी त्याला गप्प राहायला सांगितलं. काका गाडीत बसले आणि काच खाली करून म्हणाले, “टबच्या कडेचा रुमाल काढू नका. ओला राहू दे.”

ते त्या संध्याकाळी जर्सी सिटीला पोचले, याला दिनूनं दुजोरा दिला. पोचल्यावर त्यांनी बूट काढले, नातवाला उचललं, बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ गुडघ्यांवर बसून टबच्या मागे बघत राहिले. नातू त्यांच्या शेजारी टॉर्च धरून होता. “व्हॉट आर वी लुकिंग फॉर, आजोबा?” असं त्यानं विचारलं, आणि काकांनी त्याला सगळं सांगितलं, मूळचा देश, खाणं, तुटलेले पाय, सगळं. काकू दारात उभ्या होत्या. दिनूच्या आठवणीप्रमाणे त्या म्हणाल्या, “पलीकडच्या कोपऱ्यात बघितलंत का?” काकांनी तोही कोपरा बघितला. “हाऊ विल इट इव्हन गेट हिअर?” असं दिनूची बायको त्याच्या कानात म्हणाली. तो म्हणतो, त्याला आजही यातलं काही कळलेलं नाही. त्याच्या आईला गोम आपल्या घरी नाही हे माहीत होतं. त्याच्या वडिलांनाही ते माहीत असावं, असा त्याचा अंदाज आहे. तरी दोघांनी मिळून ती सगळ्या घरात शोधली, स्वयंपाकघरातही, आणि नंतर सगळे जेवायला बसले.

रविवारी दुपारी काकांची गाडी अ‍ॅशबर्नच्या दारात थांबली. काकू पुढच्या सीटवर होत्या. बॅग काकांनी उतरवली. आम्ही खिडकीतून बघत होतो. काकूंच्या मांडीवर तो डबा होता आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता. वर बराच वेळ खण उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते. दिनूच्या लग्नाची पत्रिका आता फ्रेममध्ये बसवून जिन्याच्या भिंतीवर लावलेली आहे. गणपतीची बाजू बाहेर आहे. ती कोणी लावली, हे विचारल्यावर दोघांनी एकमेकांचं नाव घेतलं. वरच्या बाथरूममध्ये गोम परत आली आहे, असं काका सांगतात. काकू म्हणतात, ती गेलीच नव्हती. रुमाल अजून ओला असतो. काकू नेमक्या का गेल्या होत्या, हे काकांनी त्यांना विचारलं का, ते मला माहीत नाही.

त्या रविवारी संध्याकाळी काकू जिना उतरून खाली आल्या. नवऱ्यानं त्यांच्या हातातला डबा बघितला आणि तो खुर्चीवरून उठला.

“बस रे, घाबरू नकोस,” काकू म्हणाल्या. “काही करत नाही.”

त्यांनी डबा टेबलावर ठेवला. झाकणाला काकांनी पाडलेली भोकं तशीच होती. आत घरी केलेलं श्रीखंड होतं.